गाडी ओढायचे पैसे मिळतात, वाट पाहायचे कोण देणार?

रात्रीचे अडीच वाजलेत. हमरस्त्यावर दोन गाड्या धडकल्या आहेत. जखमींना रुग्णवाहिका घेऊन गेली, पोलिसांनी पंचनामा उरकला, काचा झाडून बाजूला केल्या. आता रस्त्याच्या मधोमध उरलाय तो चेपलेला पत्रा, आणि तो हलेपर्यंत मागच्या रांगेतलं कुणीच पुढे सरकणार नाही. पोलीस वायरलेसवरून निरोप देतात. थोड्या वेळाने पिवळा दिवा फिरवत एक टोइंगची गाडी येते, विंचचा दोर सोडते, पत्रा वर चढवते आणि निघून जाते.

ती गाडी कुणाची होती? दहा टोइंगवाले असताना नेमकी तीच का आली? बिल किती होणार आणि ते कुणी ठरवलं? अपघातग्रस्त गाडीचा मालक त्या वेळी रुग्णालयात आहे, त्याला यातलं काहीही कुणी विचारलेलं नाही. ही सगळी उत्तरं एका सरकारी कागदात आधीच लिहून ठेवलेली असतात. पोलीस खातं आणि टोइंगवाला यांच्यातलं ते कंत्राट. आसपासचे छोटे टोइंगवाले टिकतात की बुडतात, हेही बहुतेक वेळा त्याच कागदावर ठरतं. म्हणून तो कागद नीट समजून घेऊ.

टोइंगवाल्याकडे काम तीन वाटांनी येतं. पहिली वाट म्हणजे मालक स्वतः फोन करतो: गाडी बंद पडलीय, टोचन करून गॅरेजपर्यंत न्या. इथे घासाघीस होते, पटलं नाही तर मालक दुसऱ्याला बोलावतो. दुसरी वाट विमा कंपनी किंवा रस्त्यावर मदत पुरवणाऱ्या संस्थेची. त्यांचा दर कमी असतो, पण कामं भरपूर मिळतात. तिसरी वाट पोलिसांची. अपघातातली गाडी, चोरीची सापडलेली गाडी, दारू पिऊन चालवणाऱ्याची गाडी, विमा नसलेली, वाहतूक अडवणारी, रस्त्याकडेला कुणी टाकून दिलेली, किंवा गुन्ह्यातला पुरावा म्हणून जप्त केलेली.

या तिसऱ्या वाटेवर मालकाच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. हुकूम एक जण देतो, काम दुसरा करतो आणि पैसे तिसरा भरतो. बाजारात दर आवाक्यात राहतो, कारण पैसे देणारा माणूस समोर उभा असतो आणि नको म्हणू शकतो. इथे तो माणूसच जागेवर नसतो. त्यामुळे दर बाजारावर सोडता येत नाही, तो कुणीतरी ठरवूनच द्यावा लागतो. अमेरिकेने १९९० च्या दशकात ट्रकवाहतुकीच्या दरांवरची राज्यांची आणि शहरांची बंधनं काढून टाकली, तेव्हाही १९९५ च्या कायद्यात एक अपवाद मुद्दाम ठेवला: मालकाच्या संमतीशिवाय उचललेल्या गाडीचा दर सरकार ठरवू शकतं. खुल्या बाजारावर इतका भरवसा असलेल्या देशालाही ही एक जागा सोडता आली नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

कंत्राट नव्हतं तेव्हा

टोइंगचा धंदा जन्मला तोच एका स्थानिक गॅरेजात. १९१६ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनुगा गावात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याला ओढ्यात उलटलेली एक गाडी बाहेर काढायची होती. ठोकळे, दोर आणि अर्धा डझन माणसं घेऊन काम संपायला आठेक तास लागले. त्यानंतर त्याने १९१३ च्या एका जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली, आणि गाडी ओढणारी गाडी तयार झाली. आज त्या गावात टोइंगचं संग्रहालय आहे आणि काम करताना रस्त्यावर मेलेल्या टोइंगचालकांच्या नावांची एक भिंतही आहे. हे काम किती धोक्याचं आहे ते त्या भिंतीकडे पाहून कळतं. भरधाव वाहतुकीकडे पाठ करून, अंधारात, गुडघ्यावर बसून हुक अडकवायचा असतो.

कुणी काही ठरवून दिलं नाही तर काय होतं, हेही जगाने पाहिलंय. टोइंगवाले पोलिसांचा वायरलेस ऐकत बसतात, अपघाताची खबर लागताच सुसाट सुटतात, आणि जो आधी पोचेल त्याची गाडी. एकाच अपघातावर तीन-तीन टोइंगगाड्या येतात, हातघाईवर प्रकरण जातं, आणि भांबावलेल्या चालकाकडून रस्त्यावरच कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात हे इतकं विकोपाला गेलं की टोइंगच्या गाड्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. मे २०२० मध्ये तिथल्या पोलिसांनी 'प्रोजेक्ट प्लॅटिनम' नावाच्या मोहिमेत मोठी धरपकड केली. डिसेंबर २०२१ पासून टोरांटो परिसरातल्या महामार्गांचे चार पट्टे आखून त्यांत फक्त नेमून दिलेल्या कंपन्यांनाच टोइंगची परवानगी ठेवण्यात आली, आणि २०२४ पासून प्रांतातल्या प्रत्येक टोइंगवाल्याला परवाना सक्तीचा झाला.

म्हणजे 'सरकारने यात पडूच नये' हे उत्तर चालत नाही. सरकारने पडायलाच हवं. कसं पडायचं, वाद तेवढ्याचाच आहे.

पाळीची यादी

सगळ्यात साधी रीत पाळीची. पोलीस ठाण्यात पात्र टोइंगवाल्यांची यादी असते. पहिला फोन पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला, शेवटापर्यंत गेलं की पुन्हा वरून सुरुवात. कुणी फोन उचलला नाही तर त्याची पाळी गेली. दर सगळ्यांना एकच. अमेरिकेतल्या असंख्य लहान शहरांत आजही हेच चालतं, आणि न्यूयॉर्कमध्येही अपघातस्थळी होणारी पळापळ थांबवण्यासाठी पाळीचीच पद्धत आणली गेली.

छोट्या धंद्याला ही पद्धत मानवते. दोन गाड्यांचा मालकही यादीत बसतो. वाईट काम केलं तर नाव कापलं जातं, चांगलं केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण यादी कुणाच्या तरी हातात असते आणि तिथेच तिचा कच्चा दुवा आहे.

शिकागोजवळच्या नॉर्थलेक या उपनगरात ओ'हेअर ट्रक सर्व्हिस नावाची टोइंग कंपनी १९६५ पासून यादीवर होती. १९९३ च्या निवडणुकीत महापौरांच्या माणसांनी मालकाकडे वर्गणी मागितली. त्याने ती दिली नाही, उलट विरोधी उमेदवाराची पोस्टर आपल्या जागेत लावली. थोड्याच दिवसांत कंपनीचं नाव यादीतून गेलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. जून १९९६ मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की सरकारी नोकराला राजकीय मतांसाठी जसं काढता येत नाही, तसं नेहमीच्या कंत्राटदारालाही कापता येत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका टोइंगवाल्याच्या पाळीची दखल घ्यावी, यावरून त्या पाळीवर किती काही अवलंबून असतं हे लक्षात यावं.

मोठ्या शहरातला पैसा मोठा, त्यामुळे मोहही मोठा. डेट्रॉइटचे नगरसेवक आंद्रे स्पाइव्ही यांनी २०२१ मध्ये टोइंगच्या कामाशी जोडलेल्या लाचखोरीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला, आणि २०२२ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अशी प्रकरणं पुढे आली की पोलीस प्रशासन म्हणतं, यादी नको, रीतसर निविदा काढू. या म्हणण्यात तथ्य आहे. निविदेला नियम असतात, कागद राहतो, हिशोब तपासता येतो.

निविदा आली की

निविदेच्या अटी वाचल्या तर प्रत्येक अट स्वतंत्रपणे रास्त वाटते. चोवीस तास सेवा हवी. बोलावल्यापासून ठराविक मिनिटांत, समजा अर्ध्या तासात, घटनास्थळी पोचायला हवं. उचललेल्या गाड्या ठेवायला कुंपणाचा, कॅमेऱ्यांचा यार्ड हवा. पुराव्याच्या गाडीवर पाऊस पडून रक्ताचे किंवा बोटांचे ठसे जाऊ नयेत म्हणून बंदिस्त जागा हवी. मोटारसायकलपासून लादलेल्या मालट्रकपर्यंत सगळं उचलण्याची ताकद हवी. मागच्या तीन वर्षांची उलाढाल, विम्याची मोठी रक्कम, बयाणा, बँक हमी, प्रत्येक गाडीची संगणकावर नोंद. यातली एकही अट खोडसाळ नाही.

पण सगळ्या अटी एकाच माणसाने, एकाच वेळी, अख्ख्या जिल्ह्यासाठी पुऱ्या करायच्या म्हटल्या की तीन गाड्यांचा मालक बाहेर पडतो. त्याच्याकडे उत्तम चालक आहेत, पण यार्ड लहान आहे. दुसऱ्याकडे मोठा यार्ड आहे, पण जड ट्रक उचलणारी क्रेन नाही. तिसऱ्याकडे क्रेन आहे, पण बँक हमी देण्याइतकी पत नाही. तिघे मिळून सगळं करू शकले असते. निविदा तिघांना मिळून मागतच नाही.

मग कंत्राट जातं एका मोठ्या कंपनीकडे. ब्रिटनमध्ये तर कित्येक पोलीस दलांनी हे काम मध्यस्थ कंपन्यांकडे दिलं आहे. अशा मध्यस्थाकडे स्वतःची टोइंगची गाडी असेलच असं नाही. त्याच्याकडे असतो फोन, संगणक, माणसं आणि करार. पोलीस त्याला कळवतात, तो स्थानिक टोइंगवाल्याला कळवतो. कालपर्यंत पोलिसांशी थेट बोलणारा गॅरेजवाला आता उपकंत्राटदार झालेला असतो.

मध्यस्थाची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री नियंत्रण कक्षात बसलेल्या हवालदाराने दहा जणांना फोन फिरवत बसावं हे चांगलं नाही. एकच क्रमांक, एकच नोंदवही, एकच बिल, गाडीतलं सामान हरवलं तर तक्रार करायला एकच जागा. मालकालाही आपली गाडी कुठे आहे हे एका फोनवर कळतं. ही खरी सोय आहे. प्रश्न एवढाच की या सोयीची किंमत कोण मोजतं.

समजायला सोपं पडावं म्हणून एक काल्पनिक हिशोब मांडतो. कायद्याने ठरलेला दर शंभर. मालक शंभर भरतो. मध्यस्थ आपल्या यंत्रणेचे वीस ठेवतो. टोइंगवाल्याला ऐंशी मिळतात, तेही दोन-अडीच महिन्यांनी. पूर्वी यादीवर असताना तोच शंभर घेत होता आणि गाडी सोडताना रोख घेत होता. त्याचं डिझेल, टायर, विमा, चालकाचा पगार यातलं काहीच कमी झालेलं नाही. आणि दर कायद्याने बांधलेला असल्यामुळे तो ते वीस ग्राहकाकडून काढूही शकत नाही.

बांधलेला दर किती काळ बांधलेला राहू शकतो? इंग्लंडमध्ये पोलिसांनी उचललेल्या गाड्यांचे दर सरकार नियमाने ठरवतं. ऑक्टोबर २००८ मध्ये साध्या, रस्त्यावर सरळ उभ्या असलेल्या मोटारीसाठी १५० पौंड आणि यार्डभाडं दिवसाला २० पौंड ठरलं. ते बदललं थेट २०२३ मध्ये, १९२ आणि २६ पौंडांवर. मधली पंधरा वर्षं दर जागचा हलला नाही. या काळात इंधन वाढलं, पगार वाढले, गाड्याही जड झाल्या. त्यातच मध्यस्थाचा वाटा त्याच रकमेतून कापला जात होता. ज्यांनी या काळात धंदा बंद केला त्यांना काम येत नव्हतं म्हणून बंद करावा लागला, असं मला वाटत नाही.

उभं राहण्याचा खर्च

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे आणि कंत्राट लिहिणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच सुटते.

टोइंगचा खर्च गाडी ओढण्यात कमी आणि वाट पाहण्यात जास्त असतो. आठवड्याचे तास १६८. एक चालक आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तर एका टोइंगगाडीत चोवीस तास माणूस हवा असेल तर साडेतीन चालक लागतात. सुट्ट्या, आजारपण धरलं तर चार किंवा पाच. आता समजा आठवड्यात चौदा कामं आली आणि प्रत्येकाला दोन तास लागले. झाले २८ तास. उरलेले १४० तास गाडी तयार उभी आहे, माणूस फोनपाशी बसलाय, आणि उत्पन्न शून्य. म्हणजे कामाच्या एका तासाला पाच तासांच्या वाट पाहण्याचा खर्च भागवायचा आहे.

अग्निशमन दलाला आपण आग विझवण्याच्या दराने पैसे देत नाही. बंब तयार उभा असावा म्हणून देतो. पोलीस टोइंगही बरंचसं तसंच काम आहे, पण त्याचे पैसे मिळतात टॅक्सीसारखे, फेरीप्रमाणे. त्यात कंत्राटात एक ओळ असते: 'कामांच्या संख्येची कोणतीही हमी दिली जाणार नाही.' आणि तिच्याच खाली दुसरी: 'ठराविक मिनिटांत न पोचल्यास दंड.' तयार राहणं सक्तीचं, काम मिळणं नशिबाचं.

स्थानिक टोइंगवाला हे आजवर कसं निभावत होता? मिसळ करून. दिवसा त्याच गाडीने बिघडलेल्या मोटारी ओढायच्या, तोच चालक मोकळ्या वेळात गॅरेजात नटबोल्ट फिरवायचा, रात्री बायको किंवा भाऊ फोन उचलायचा. वाट पाहण्याचा खर्च घरातल्या माणसांवर आणि जोडधंद्यावर वाटला जायचा. कंत्राटात 'ही गाडी फक्त पोलीस कामासाठीच राखीव असावी' अशी अट आली की ती मिसळ मोडते.

यात आणखी एक भार मिसळलेला असतो, बेवारस गाड्यांचा. यार्डात येणाऱ्या गाड्यांपैकी काही मालक कधीच सोडवायला येत नाहीत, कारण गाडीची किंमतच बिलापेक्षा कमी असते. पुराव्याच्या गाड्या खटला चालेल तोवर पडून राहतात आणि त्यांच्या भाड्याबद्दल कित्येक करारांत धड काही लिहिलेलंच नसतं. या सगळ्यांचा भार चांगल्या गाड्यांच्या बिलातून निघतो. म्हणूनच गाडी सोडवायला गेलेल्या माणसाला बिल डोळे पांढरे करणारं वाटतं, आणि त्याच वेळी टोइंगवालाही भागत नाही म्हणून रडत असतो. दोघेही खरं बोलत असतात.

बेवारस गाडी विकून पैसे सुटत असतील तर उलटा मोहही तयार होतो: मालक न आलेलाच बरा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात एका आजारी माणसाची गाडी तो अंथरुणाला खिळलेला असताना उचलली गेली आणि परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली गेली. ते टोइंग पोलिसांच्या नव्हे, घरमालकाच्या सांगण्यावरून झालं होतं. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिलेला निकाल सगळ्यांना उपयोगी आहे: ठेवलेली गाडी विकण्याबद्दल राज्याचा कायदा टोइंगवाल्याला लागू होतो, वाहतूकदरांच्या मोकळिकीचं कारण सांगून त्याला सुटता येत नाही.

काही शहरं तर टोइंगवाल्याकडूनच पैसे घेतात. कंत्राट हवंय ना, मग दर गाडीमागे शहराला इतके द्या. पालिकेला हे फुकटचं उत्पन्न वाटतं. पण ते पैसे शेवटी गाडीमालकाच्या बिलातून किंवा चालकाच्या पगारातूनच येतात. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात याला लगाम आहे: शहराने फी घ्यावी, पण टोइंगची व्यवस्था सांभाळण्याचा जो प्रत्यक्ष आणि वाजवी खर्च येतो, त्याहून जास्त नाही. एवढी साधी ओळ प्रत्येक ठिकाणच्या नियमात असायला हवी होती.

ज्याला काम मिळालं नाही त्याचं पुढे काय

कंत्राट सहसा तीन ते पाच वर्षांचं असतं. ते हुकलेला टोइंगवाला पाच वर्षं थांबू शकत नाही. पोलिसांचं काम त्याच्या एकूण कामाचा लहान हिस्सा असलं, तरी कर्जाचा हप्ता त्या खात्रीच्या कामावर उभा असतो. पहिल्या वर्षी तो एक गाडी विकतो. दुसऱ्या वर्षी रात्रपाळी बंद करतो. चांगला चालक मालवाहतुकीकडे जातो आणि परत येत नाही. पाच वर्षांनी नवी निविदा निघते तेव्हा ती भरायला जुन्या कंपनीशिवाय कुणी उरलेलंच नसतं. पहिल्या वेळी स्पर्धेमुळे मिळालेला कमी दर दुसऱ्या वेळी मिळत नाही, कारण स्पर्धाच संपलेली असते. पहिल्या निविदेत किती वाचवले याचा अहवाल निघतो, दुसऱ्या निविदेत किती गेले ते कुणी त्याच्या शेजारी मांडत नाही.

सगळ्यात महागडं नुकसान जड क्रेनचं. उलटलेला टँकर उचलणारी ही गाडी महिन्यात मोजक्या वेळाच कामाला लागते, पण किंमत अशी की छोट्या मालकाच्या बाकी सगळ्या गाड्या मिळूनही तेवढी भरत नाही. तिचा हप्ता मोटारी उचलण्याच्या रोजच्या कामातून निघत असतो. ते रोजचं काम गेलं की क्रेन विकली जाते. मग टँकर उलटतो तेव्हा क्रेन दोन तासांच्या अंतरावरून येते.

त्या दोन तासांचं मोल काढता येतं. अमेरिकेच्या महामार्ग खात्याचा ठोकताळा असा की गर्दीच्या वेळी एक मार्गिका एक मिनिट अडली तर वाहतुकीला चार मिनिटांचा उशीर होतो. अडथळा जितकी मिनिटं राहतो तितका मागे दुसरा अपघात होण्याचा धोकाही वाढत जातो, मिनिटाला सुमारे २.८ टक्क्यांनी. निविदेत एका फेरीमागे वाचलेले चार पैसे कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाच्या जिवावर वाचलेले असू शकतात. हे लिहिताना मी जपून शब्द वापरतोय, पण मला तसंच वाटतं.

वेगळं करता येतं का?

येतं, आणि केलंही गेलंय.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात अपघात झाला की एका ठरलेल्या क्रमांकावर फोन जातो. तिथलं वाटप केंद्र त्या पट्ट्यातल्या परवानाधारक डेपोकडे काम सोपवतं. जागेवर जाऊन गिऱ्हाईक पटवायला बंदी आहे, दर नियमाने ठरलेले आहेत आणि त्यांची ठराविक काळाने तपासणी होते. हे २००७ च्या कायद्याखाली चालतं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकच फोन असण्याची सोय आणि अनेक टोइंगवाले असण्याची सोय या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. फोन केंद्राचा, काम सगळ्यांचं. 

लॉस एंजेलिसने शहराचे भाग पाडले आणि प्रत्येक भागासाठी एक मान्यताप्राप्त पोलीस गॅरेज नेमलं. इथे त्या त्या भागापुरती मक्तेदारी होतेच, पण एक कंपनी संपूर्ण शहर गिळू शकत नाही, आणि एक कोसळली तर शेजारच्या भागातून मदत मिळते.

ह्यूस्टनचं उदाहरण उभं राहण्याच्या खर्चाबद्दल शिकवणारं आहे. २००५ मध्ये महापौर बिल व्हाइट यांनी 'सेफक्लिअर' योजना आणली. शहरातल्या जलदगती रस्त्यांचे तुकडे पाडून टोइंग कंपन्यांना दिले, आणि बंद पडलेल्या गाडीपाशी सहा मिनिटांत पोचायचं बंधन घातलं. सुरुवातीला पैसे गाडीवाल्याकडून घेतले जात. लोक खवळले: मला टायर बदलायला दहा मिनिटं पुरली असती, तुम्ही जबरदस्तीने ओढून नेलंत आणि वर बिल माझ्या हातात? तक्रार रास्त होती. रस्ता मोकळा होण्याचा फायदा सगळ्यांचा, तर त्याचा खर्च एकट्या पंक्चर झालेल्या माणसाने का द्यावा? शहराने लवकरच कडेला थांबलेल्या गाड्यांच्या टोइंगचा भार स्वतःकडे घेतला.

निविदेचे तुकडे करण्याला आता कायद्याचाही आधार मिळू लागलाय. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सरकारी खरेदीच्या निर्देशात म्हटलंय, काम लहान भागांत वाटा, वाटणार नसाल तर कारण लिहून द्या. ब्रिटनचा २०२३ चा खरेदी कायदा फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला. तोही लहान धंद्यांसमोरच्या अडचणी विचारात घ्यायला सांगतो आणि तीस दिवसांत पैसे देण्याची अट उपकंत्राटदारापर्यंत खाली नेतो. टोइंगवाल्याला दोन-अडीच महिने बिलासाठी थांबावं लागत असेल, तर या शेवटच्या ओळीची किंमत त्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

तुमच्या भागात अशी निविदा निघाली आणि ती वाचायची वेळ आली तर दराच्या पानावरून सुरुवात करू नका. आधी पाहा, काम हलक्या आणि जड गाड्यांसाठी वेगळं मागितलंय का. बोलावून परत पाठवलं तर काही मिळतं का. पुराव्याच्या गाडीचं भाडं कोण देतं आणि किती दिवसांनी. दर दरवर्षी इंधनाच्या आणि पगाराच्या वाढीशी जोडलाय की पाच वर्षं गोठवलाय. मध्यस्थ असेल तर त्याचा वाटा कागदावर उघड आहे का. आणि दोन-तीन मालकांनी मिळून एक निविदा भरली तर चालेल का.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर छोट्या टोइंगवाल्यांसमोर वाट आहे, पण ती सोपी नाही. कालपर्यंत एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्यांना एकत्र बसून ठरवावं लागतं की जड क्रेनचा हप्ता कोण किती भरणार, यार्ड कुणाचा वापरायचा, आणि दंड लागला तर कुणाच्या वाट्यातून कापायचा. सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट मात्र त्याहून साधी असते. रात्री अडीचला पोलिसांचा फोन येईल तेव्हा तो उचलायला एक टेबल, एक माणूस आणि प्रत्येकाची गाडी कुठे उभी आहे हे दाखवणारा एक फळा लागेल. सामाईक खर्चातला पहिला पैसा त्या टेबलावर घालावा लागेल, क्रेनचा नंबर त्यानंतर.